विद्यार्थ्याला शंका काढता आली पाहिजे

मे २०२१ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी अठरा वर्षांवरील सर्वांना कोविड टाळण्यासाठी पाच दिवस आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली. हे औषध कोविडसाठी वापरायचे तर ते चाचण्यांपुरतेच, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनी लगोलग पुन्हा बजावले. तरीही औषधाची बाजू घेणाऱ्यांच्या हातात त्या वेळी आकडे होते, आणि त्यांत मोठे वजन होते इजिप्तमधल्या बेन्हा विद्यापीठाच्या एका चाचणीला. ती नोव्हेंबर २०२० मध्ये प्रीप्रिंट म्हणून आली आणि अनेक चाचण्यांची बेरीज मांडणाऱ्या आढाव्यांत जाऊन बसली. जुलै २०२१ मध्ये ती मागे घेण्यात आली. तिच्यातली गडबड पकडली ती लंडनमधल्या वैद्यकाच्या एका विद्यार्थ्याने. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या गृहपाठात हा शोधनिबंध त्याच्या वाट्याला आला होता. प्रस्तावनेतली वाक्ये उसनी आणि शब्द बदलून बसवलेली वाटली, म्हणून त्याने मूळ डेटा उघडला. निबंधानुसार चाचणी ८ जून २०२० रोजी सुरू झाली होती, पण मरण पावलेल्यांपैकी बरेच रुग्ण डेटानुसार त्याआधीच दगावलेले होते. १८ ते ८० वयोगटाच्या म्हणवल्या गेलेल्या चाचणीत अठराच्या आतलेही रुग्ण होते. ही चाचणी वगळल्यावर मृत्यू कमी होतात हा दावा बराच कमकुवत झाला.

हा विद्यार्थी कोणत्याही संशोधनगटाच्या नोकरीत नव्हता, हे आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. त्याला कुणाला विचारायचे नव्हते, कुणाची मर्जी सांभाळायची नव्हती. जागतिक आरोग्याच्या आपल्या गटांमध्ये मात्र आठवड्याला दहा-पंधरा तास काम करणारी मुले-मुली रोज कच्च्या डेटासमोर बसलेली असतात. शोधनिबंधांचे सारांश वाचून कोणता ठेवायचा नि कोणता वगळायचा हे ठरवणे, मुलाखती ऐकून उतरवणे, गावातून आलेले फॉर्म संगणकात भरणे, चुका शोधणे, ही सगळी कामे त्यांच्याकडे असतात. आमचे म्हणणे एवढेच आहे की, या कामाला आपण ‘वरकाम’ समजतो आणि तिथेच पुराव्याचा पाया कच्चा राहतो. विद्यार्थ्याला मानधन, प्रशिक्षण आणि श्रेय तर मिळालेच पाहिजे. पण त्याहून आधी त्याला शंका काढण्याचा अधिकार मिळाला पाहिजे, आणि ती शंका नोंदवायची जागा मिळाली पाहिजे.

हे का, ते एका साध्या कामावरून दिसेल. प्रसूतिगृहांतून आलेली जन्मवजने तक्त्यात भरायची आहेत. भरता भरता विद्यार्थ्याला दिसते की २,४२०, २,४६०, २,५३० असे आकडे जवळजवळ नाहीतच. २,५०० मात्र ओळीने येत आहेत आणि त्यानंतर थेट ३,०००. काटा अर्ध्या किलोला टेकवून वजन लिहिले की असेच होते. अडचण अशी की कमी वजनाचे बाळ म्हणजे २,५०० ग्रॅमच्या आतले, अशी व्याख्या आहे. काट्यावर २,४६० असलेले बाळ २,५०० लिहिले गेले की ते निरोगी वजनाच्या रकान्यात जाते, आणि जिल्ह्यातल्या कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण कागदावर घटते. ही गोष्ट प्रमुख संशोधकाच्या नजरेस येतच नाही, कारण त्याच्यापुढे येतो तो सरासरीचा तक्ता. हजार फॉर्म एकेक करून पाहणाऱ्यालाच ती दिसते. पण फॉर्म भरणाऱ्या मुलीला ही व्याख्या कुणी सांगितलेली नसेल, प्रोटोकॉल दाखवलेला नसेल आणि तासाला किती फॉर्म झाले यावरच तिचे काम मोजले जात असेल, तर ती गप्प राहून पुढचा फॉर्म उचलेल. माहिती नाही म्हणून घातलेला ९९ हा आकडा वय समजून सरासरीत मिसळला जातो, तोही याच वाटेने.

विद्यार्थी कच्चे असतात, त्यांच्यावर एवढा भरवसा कसा टाकावा, हा आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटा नाही. मात्र त्याचे उत्तर कामाच्या रचनेत आहे. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या ‘क्राउड’ उपक्रमात कुणीही स्वयंसेवक चाचण्यांच्या नोंदी ओळखण्याचे काम करू शकतो. आधी सरावाच्या नोंदी सोडवाव्या लागतात, एकाच नोंदीवर अनेकांची मते घेतली जातात आणि मते जुळली नाहीत तर ती नोंद जाणकाराकडे जाते. अशा रचनेत या गर्दीची अचूकता ९९ टक्क्यांच्या आसपास भरल्याचे प्रसिद्ध झाले आहे. सराव, दुहेरी तपासणी आणि वर विचारण्याची सोय या तीन गोष्टी विद्यार्थ्यांनाही पुरवता येतात. सहा महिन्यांत मूल निघून जाते, शिकवलेले वाया जाते, ही तक्रारही ऐकू येते. पण मूल गेले तरी शंकांची वही राहते. कोणत्या फॉर्मवर कोणती शंका आली, तिचे काय ठरले, कुणी ठरवले, हे तारखेसह लिहिलेले असेल तर पुढच्या विद्यार्थ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

पैशाच्या बाबतीत आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे. ‘अनुभव मिळतो, तेच मानधन’ असे म्हणणाऱ्या गटाकडे घरून पैसे येणारेच विद्यार्थी टिकतात. वसतिगृहाचे आणि खानावळीचे पैसे स्वतः भरणारी मुलगी दुसरे काम धरते, आणि ज्या गावांच्या आरोग्याचा अभ्यास चालला आहे त्या गावांची ओळख असलेल्या माणसाला गट मुकतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र ज्या भूमीत रुजवले, तिथे तरी शिकणाऱ्याच्या श्रमाला मोल असते हे पटवून द्यावे लागू नये. परदेशात शिकणाऱ्या आपल्या मुलांची अडचण आणखी वेगळी आहे. अमेरिकेत सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तास, जर्मनीत २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस, अशा मर्यादेत त्यांना काम करावे लागते. त्या मोजक्या तासांतले दोन-चार तास प्रोटोकॉल वाचण्यात गेले, तर तेही कामाचेच तास धरले पाहिजेत.

श्रेयाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. केवळ डेटा भरला म्हणून लेखकांत नाव यावे, असे आम्ही म्हणत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष त्यासाठी आहेत. पण ज्याने पहिला निकष, म्हणजे संशोधनात भरीव वाटा, पुरा केला आहे त्याला मसुदा वाचण्याची, सुधारण्याची संधीच न देता यादीबाहेर ठेवू नये, असेही तीच समिती सांगते. हे दुसरे वाक्य आपल्याकडे फारसे वाचले जात नाही.

रुग्णांच्या गोपनीयतेचे कारण पुढे करून विद्यार्थ्यांना संदर्भापासून दूर ठेवले जाते, तेही बरोबर नाही. नावे, पत्ते, फोन नंबर काढूनच फाइल द्यावी, गोपनीयतेचा लेखी करार करावा. मात्र प्रश्नावली आणि व्याख्या यांत गुप्त ठेवण्यासारखे काही नसते. आता ही कामे यंत्रेच करतील असेही म्हटले जाते. काही कामे करतीलही. परंतु २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडचे जवळजवळ १६,००० रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले ते स्वयंचलित प्रक्रियेतच, जुन्या स्वरूपाच्या एक्सेल फाइलमध्ये ओळी संपल्यामुळे. आकडा कमी का आला, असे विचारणारा माणूस त्या साखळीत वेळेवर नव्हता.

नव्या सत्रासाठी विद्यार्थी घेण्याचे दिवस येत आहेत. गटप्रमुखांना आमची विनंती आहे: निधीच्या अर्जात विद्यार्थ्यांच्या मानधनाची रक्कम वेगळी दाखवा, पहिल्या आठवड्यात त्यांना डेटा भरायला न लावता प्रोटोकॉल वाचायला द्या, आणि दर पंधरवड्याच्या बैठकीत त्यांच्या शंकांची वही सर्वांत आधी उघडा.