भाव कळला, पण कशाचा?

डिचोलीच्या बुधवारच्या वा पेडण्याच्या गुरुवारच्या बाजारात नारळाचा भाव कानी पडताच जाणते गिऱ्हाईक आधी विचारते, हा भाव नगाचा की शेकड्याचा? सोललेल्याचा की असोल्याचा? भाव हा नुसता आकडा नव्हे. तो कशाचा, केव्हाचा आणि कोणत्या मापाचा हे कळल्यावाचून त्यास अर्थ येत नाही. माणसाला शंका येते आणि तो विचारतो. शेअरबाजारात मात्र आता असा एक मुनीम अवतरला आहे, जो अडला तरी बहुधा थांबत नाही. हाती असलेल्या माहितीवरून तर्क बांधून तो पुढे जातो. कृत्रिम बुद्धिमत्तेचा ‘एजंट’ म्हणतात तो हाच.

अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही संकेतपद्धती जाहीर केली. अशा एजंटाला बाहेरच्या माहितीसाठ्यांशी व साधनांशी जोडण्याची ती सामायिक रीत होय. बंगळूरच्या झिरोधा या दलाली कंपनीने 2025 साली तिच्या आधारे आपल्या खातेदारांना एजंटामार्फत स्वतःच्या शेअरांविषयी साध्या भाषेत प्रश्न विचारण्याची सोय करून दिली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कोणते साधन केव्हा वापरावे, हे एजंट त्या साधनासोबत लिहिलेल्या वर्णनावरून ठरवितो. शेजारच्या टेबलावरील जुन्या कारकुनाला विचारून घेण्याची सोय त्याला नाही. त्या चार ओळी हेच त्याचे शिक्षण.

या ओळींना किती मोल आहे, ते एका उदाहरणावरून कळेल. झिरोधाच्या ‘काइट कनेक्ट’ सेवेतून क्षणोक्षणी वाहणाऱ्या भावांचे आकडे रुपयांत नसून पैशांत असतात. शेअरचा आकडा शंभराने भागावा लागतो, तर चलनाच्या व्यवहारांसाठी भाजक एक कोटीचा आहे. कंपनीने हे आपल्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहून ठेवले आहे, हे तिला भूषणावह आहे. हेच वाक्य गाळले गेले असते तर? दहा हजार पैशांचा शेअर दहा हजार रुपयांचा ठरण्यास यंत्राला क्षणही लागला नसता.

ही भीती काल्पनिक नाही. न्यूयॉर्कच्या बाजारात 1 ऑगस्ट 2012 रोजी नाइट कॅपिटल या पेढीच्या संगणकांनी अवघ्या पाऊण तासात सुमारे 44 कोटी डॉलरचा तोटा ओढवून घेतला. नवी प्रणाली बसविताना एका यंत्रावर जुनीच राहून गेली होती. असे काम दुसऱ्याने तपासावे, असा लेखी नियम त्या पेढीत नव्हता, असे तेथील नियामकांनी आपल्या आदेशात नमूद केले. लिहून ठेवण्याचा कंटाळा एवढा महाग पडतो!

हे दूरचे प्रकरण आहे, आम्हांला त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. 2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोलीच्या ट्रकमालकांनी उत्पन्न आटण्याचे दुःख भोगले. मोपाच्या विमानतळासाठी पेडण्यात जमिनी गेल्या. अशा घरांतील शिकलेला तरुण शिलकीचे चार पैसे घेऊन मोबाइलवरून शेअरबाजारात उतरला, तर त्यात दोष नाही. पण रणांगण कोणते, हे त्याने जाणले पाहिजे. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अहवालानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्सच्या व्यवहारांत 93 टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला, आणि तो एकूण 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता. मोठ्या संस्थांचा नफा मुख्यतः यांत्रिक व्यवहारांतून आला, असेही तोच अहवाल सांगतो.

सेबीने 4 फेब्रुवारी 2025 च्या परिपत्रकाने सामान्य गुंतवणूकदारांच्या यांत्रिक व्यवहारांना नियम घातले. आतील युक्ती ग्राहकाला न दिसणाऱ्या प्रत्येक प्रणालीबाबत तपशीलवार संशोधन अहवाल ठेवण्याचे बंधनही त्यात आहे. आमच्या मते हीच शिस्त एजंटाला भाव पुरविणाऱ्या साधनांनाही लागू झाली पाहिजे. आकड्याचे माप कोणते, तो कोणत्या घटकेचा, माहिती न मिळाल्यास काय करावे, आणि धन्याच्या संमतीवाचून कोणत्या व्यवहाराला हात लावू नये, हे प्रत्येक साधनासोबत निःसंदिग्ध लिहिलेले असावे. तोच मजकूर खातेदाराला मराठीतही मिळावा. कारण मुनिमाला दिलेल्या सूचना धन्यालाच वाचता येत नसतील, तर पेढी कोणाची म्हणावयाची?

आमचे जुने व्यापारी कीर्द-खतावणी लिहिल्यावाचून दिवस मावळू देत नसत. मुनीम बदलला म्हणून ती रीत बदलण्याचे कारण नाही. उलट, नवा मुनीम शंका न विचारणारा आहे, म्हणूनच ती अधिक काटेकोरपणे पाळली पाहिजे.