टॉवरमधल्या माणसांचीही मोजदाद करा

नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर 2025 मध्ये उड्डाणं सुरू झाली. धावपट्टी किती लांब, टर्मिनल किती मोठं, वर्षाकाठी प्रवासी किती, याची चर्चा घरोघरी झाली. तिथली विमानं हाताळायला नियंत्रक किती लागतील, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. सांताक्रूझचा जुना विमानतळ आणि उलव्याचा हा नवा एकमेकांपासून फार लांब नाहीत. दोन्हीकडच्या विमानांना एकाच आभाळातून वाट काढून द्यावी लागते आणि ती काढून देतात हवाई वाहतूक नियंत्रक, म्हणजे एटीसीची माणसं.

मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून त्या आळीपाळीनेच वापरल्या जातात, कामाला एका वेळी एकच. अशा स्थितीत 8 डिसेंबर 2018 या एका दिवसात तिथे 1,007 विमानांची ये-जा झाली. हिशेब केला तर दीड मिनिटही न जाता पुढचं विमान. दोन उतरणाऱ्या विमानांच्या मधल्या वेळात एक उडवायचं, आणि उतरलेलं धावपट्टीवरून वेळेत बाजूला झालं नाही तर मागच्याला पुन्हा वर पाठवायचं. हे सगळं आवाजावर चालतं. नियंत्रक सूचना देतो, वैमानिक ती जशीच्या तशी परत म्हणतो आणि नियंत्रक ते कान देऊन ऐकतो. उंचीचा एक आकडा चुकीचा परत आला तर तो तिथल्या तिथे पकडावा लागतो. एकमेकांवरून जाणाऱ्या दोन विमानांत एरवी 1,000 फुटांचंच अंतर असतं, ते काही सेकंदांत संपू शकतं.

या नोकरीत शिरण्यासाठी भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते, वयाची अट साधारण 27 ची. भारतीय विमानतळ प्राधिकरणाची परीक्षा, आवाजाची चाचणी, वैद्यकीय तपासणी, मग प्रशिक्षण. त्याची केंद्रं प्रयागराज, हैदराबाद आणि आपल्या गोंदियात आहेत. पालकांना इथवरचं ठाऊक असतं, पगारही ठाऊक असतो. पुढचं कमी ठाऊक असतं. प्रशिक्षण संपलं म्हणून कुणी लगेच एकट्याने माइक धरत नाही. ज्या ठिकाणी नेमणूक होते तिथे ज्येष्ठांच्या नजरेखाली शिकून त्या जागेचं रेटिंग मिळवावं लागतं. बदली झाली की नव्या ठिकाणी ते पुन्हा मिळवायचं. दहा वर्षांचा अनुभवी माणूसही नव्या शहरात काही महिने शिकाऊ असतो. शिवाय रात्रपाळी कुणालाच चुकत नाही, आणि गणपती-दिवाळीला घरी असण्याची खात्री नसते.

म्हणून कमी पडलेला नियंत्रक महिनाभरात भरून काढता येत नाही. अमेरिकेत 1981 साली संपावर गेलेल्या 11 हजारांहून अधिक नियंत्रकांना अध्यक्ष रेगन यांनी एका फटक्यात काढून टाकलं. ती घडी पुन्हा बसवायला कित्येक वर्षं गेली.

माणसं कमी ठेवल्याची किंमत काय, हे 1 जुलै 2002 च्या रात्री दिसलं. जर्मनीतल्या युबरलिंगेनच्या आकाशात दोन विमानं धडकली आणि 71 जण गेले, त्यात बरीचशी शाळकरी मुलं होती. त्या आकाशावर नजर ठेवणाऱ्या झ्युरिकच्या नियंत्रण कक्षात तेव्हा एकच नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता. सहकारी विश्रांतीला गेला होता, यंत्रणेची दुरुस्ती चालू होती, मुख्य फोन बंद होता. आपल्याकडे चरखी दादरीला 12 नोव्हेंबर 1996 रोजी दोन विमानं हवेत धडकून 349 जण मेले. तिथे नियंत्रकाने दिलेल्या उंच्या बरोबर होत्या. दोहोंपैकी कझाक विमान ठरलेल्या उंचीखाली आलं. पण दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची उंची दिसतच नव्हती, मग नियंत्रक सावध करणार तरी कसा? त्या अपघातानंतर यंत्रं सुधारली. टक्कर टाळणारं उपकरण विमानांत सक्तीचं झालं.

यंत्रंही थकतात. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीत उड्डाणांचे संदेश पोहोचवणारी यंत्रणा कोलमडली, 800 हून अधिक विमानांना उशीर झाला. विमानतळ तरीही चालू राहिला, कारण नियंत्रकांनी यंत्राचं काम हाताने केलं. अशा वेळी लागणारी जास्तीची माणसं आधीपासून हजेरीपटावर असावी लागतात.

सलग तासन्‌तास पडद्यासमोर बसू नये, मध्ये विश्रांती हवी, असे नियम आपल्याकडे आहेत. पण विश्रांतीला उठायचं तर खुर्चीत बसायला दुसरा माणूस हवा. नियंत्रकांची टंचाई आणि त्यांचा थकवा याकडे संसदेच्या स्थायी समितीनेही 2025 मध्ये बोट दाखवलं आहे. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने प्रत्येक विमानतळावर नियंत्रकांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे दरवर्षी जाहीर करावं. नव्या विमानतळाला परवाना देताना धावपट्टीइतकीच या आकड्यांची तपासणी व्हावी. ती पदं भरेपर्यंत उड्डाणं कमी ठेवावी लागली, तर प्रवाशांनी कुरकुर करू नये.