हॉलमधला दिवाण हाच ज्याचा पलंग आहे

"डॉक्टर, आईला झोपेची एखादी हलकी गोळी लिहून द्या ना. रात्रभर जागी असते आणि दिवसभर चिडचिड करते."

अशी मागणी घेऊन येणारी मुले-सुना मला वरचेवर भेटतात. परवा आलेल्या आजी 76 वर्षांच्या होत्या. रक्तदाब आटोक्यात, साखर नाही, थायरॉइडही ठीक. मी मुलाला थांबवून त्यांनाच विचारले, "आजी, तुम्ही झोपता कुठे?"

"हॉलमध्ये, दिवाणावर."

"किती वाजता?"

"टीव्ही बंद झाला की."

पुण्यातल्या वन बीएचके, टू बीएचके घरांत हे चित्र नेहमीचे आहे. एक खोली मुला-सुनेची, दुसरी असलीच तर दहावीतल्या नातवाची, आणि आजी-आजोबा हॉलमध्ये. जागा नाही हे खरे आहे आणि त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. माझा मुद्दा एवढाच, की पाहुणा एक रात्र झोपला तर तो दिवाण. घरातले माणूस वर्षाच्या 365 रात्री झोपत असेल तर तो त्याचा पलंग. मग त्यावरची गादी, चादर आणि खिडकीचे पडदे झोपणाऱ्याचा विचार करून घ्यायला हवेत. आपण मात्र ते सोफ्याच्या रंगाला जुळतात की नाही, एवढेच बघतो.

बैठक वेगळी, बिछाना वेगळा

वाड्यातसुद्धा एकाच खोलीत चार-पाच माणसे झोपत. पण सकाळी अंथरूण गुंडाळले जाई आणि रात्री पुन्हा घातले जाई. दिवसा बसायची सतरंजी वेगळी, रात्री झोपायची चादर वेगळी. दिवाणाने हा फरक पुसून टाकला. आता ज्या चादरीवर दिवसभर बाहेरचे कपडे, नातवाचे दप्तर आणि चिवड्याची बशी असते, तिच्यावरच आजी रात्री डोके टेकतात.

म्हणून पहिला उपाय सगळ्यात स्वस्त आहे. कपड्यांचे दोन संच करा. दिवसा वर एक जाडसर सुती पलंगपोस. रात्री तो काढून घडी करायचा आणि खाली असलेली झोपण्याची स्वच्छ चादर वापरायची. उशी आणि पांघरूण दिवसा कपाटात ठेवा. तक्क्यावर डोके ठेवून झोपू नका. तो पाठ टेकण्यासाठी असतो आणि मानेला फार उंच होतो.

गादी: फळीसारखी नको, खोलगटही नको

दिवाणाची गादी बहुधा बसण्याच्या हिशेबाने केलेली असते. पातळ फोम दोन-तीन वर्षांत बसणाऱ्यांच्या जागी दबतो आणि झोपणाऱ्याची कंबर नेमकी त्या खड्ड्यात जाते. हाताने दाबल्यावर खालची फळी लागत असेल, तर त्या गादीचे आयुष्य संपले आहे.

याउलट, "कंबर दुखते ना, मग फळीवर झोपा" हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. स्पेनमध्ये दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या 313 जणांवर झालेला एक अभ्यास 2003 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचे दुखणे अधिक कमी झाले. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि कमरेचा भाग थोडा आत जावा, पण मणका वाकू नये, इतपत गादी पुरे.

कापसाची गादी असेल तर गोळे झाल्यावर पिंजून घ्या आणि अधूनमधून तिला ऊन दाखवा. फोमची गादी कडक उन्हात तासन्‌तास ठेवू नका, भिंतीला उभी करून वारा लागू द्या.

नवी गादी घेताना उंचीही मोजा. वयस्कर माणूस कडेला बसल्यावर दोन्ही पावले जमिनीवर पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात हवेत. दिवाण ठेंगणा असेल तर उठताना गुडघ्यांवर जोर येतो. गादी फार जाड घेतली तर पाय लोंबकळतात.

उशी, चादर आणि न दिसणारे पाहुणे

सकाळी उठल्या उठल्या शिंका, नाक चोंदणे, दम्याचा त्रास वाढणे, असे असेल तर आधी अंथरुणाकडे बघा. गादीत आणि उशीत धुळीतले सूक्ष्म कीटक, म्हणजे डस्ट माइट्स, राहतात. ते आपल्या त्वचेच्या गळलेल्या कणांवर जगतात आणि दमट हवेत वाढतात. पुण्याचा पावसाळा त्यांना फार मानवतो. ते चावत नाहीत. त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांची ॲलर्जी येते.

चादर आणि अभ्रे आठवड्यातून एकदा धुवा. सुमारे 60 अंश सेल्सियसच्या पाण्यात हे कीटक मरतात, त्यामुळे मशीनला गरम पाण्याची सोय असेल तर ती वापरा. घरात दमा असेल तर गादी आणि उशीला चेनची घट्ट विणीची खोळ घाला. पांघरायला जुन्या सुती साड्यांची गोधडी किंवा सोलापुरी चादर छान. दोन्ही धुता येतात. पाहुण्यांना दाखवायला घेतलेला, धुता न येणारा मखमली पलंगपोस मात्र दम्याच्या घरात नको.

दिवाणाच्या पेटीचेही तसेच. तिच्यात ओलसर कपडे कोंबले की पावसाळ्यात बुरशी येते आणि तो वास झोपणाऱ्याच्या नाकाखाली रात्रभर राहतो. पेटी महिन्यातून एकदा उघडून वाळवा. डांबरगोळ्या टाकत असाल तर एक लक्षात ठेवा: त्यांतल्या नॅफ्थॅलीनमुळे 'जी-सिक्स-पीडी' या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातील लाल पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. त्या पेटीतली दुपटी नवजात बाळाला वापरू नका.

पडदे: अंधारासाठी, पण सकाळच्या उजेडासाठीही

हॉलची खिडकी सहसा घरातली सर्वांत मोठी असते आणि तिला जाळीदार, शोभेचा पडदा असतो. समोर रस्त्यावरचा एलईडी दिवा. डोळ्यांच्या पडद्यात प्रकाश मोजून मेंदूतल्या घड्याळाला कळवणाऱ्या खास पेशी असतात. रात्री उजेड मिळाला की मेलाटोनिन हे अंधाराचे संप्रेरक कमी स्रवते आणि झोप लांबते.

म्हणून दोन समांतर दांडे बसवा. खिडकीकडच्या दांड्यावर दिवसासाठी पातळ पडदा, आतल्या बाजूला रात्रीसाठी अस्तर लावलेला, गडद आणि घट्ट विणीचा पडदा. तो खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर रुंद हवा, नाहीतर कडेने उजेड येतोच. आधीच्या पडद्याला शिंप्याकडून अस्तर लावून घेतले तरी चालते. सकाळी उठल्याबरोबर मात्र तो पूर्ण बाजूला सारा. शरीराचे घड्याळ रोज लावायला सकाळचा उजेड लागतो, आणि घराबाहेर कमी पडणाऱ्या वृद्धांना तो याच खिडकीतून मिळतो.

पडद्याकडून आवाजाची फार अपेक्षा ठेवू नका. निवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा कायद्याने घातली आहे, पण रस्त्यावरचा हॉर्न कापडाने अडत नाही. दिवाण खिडकीपासून लांबच्या भिंतीला सरकवण्याचा उपयोग जास्त होतो.

आणखी एक गोष्ट. डेंगी पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि घरात पडद्यामागे, फर्निचरखाली अंधारात बसतो. 2024 साली पुण्यात झिकाचे रुग्ण आढळले, तोही याच डासाने पसरतो. जाड पडदे दिवसा बांधून ठेवा, रोज झटका, आणि दुपारची डुलकीसुद्धा मच्छरदाणीत घ्या.

रात्री दोन वाजता

आजींचा दिवाण मी नंतर घरी जाऊन पाहिला. वर गुळगुळीत सॅटिनची चादर आणि बाथरूमच्या वाटेवर रात्री खाली काढून ठेवलेले लोड. लघवीसाठी रात्री दोनदा उठणाऱ्या 76 वर्षांच्या बाईसाठी हा सापळाच होता. त्यात मी झोपेची गोळी दिली असती तर? अशा गोळ्यांनी वृद्धांचा तोल जातो, पडण्याचा आणि खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. त्या हाडानंतर अनेक जण पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत.

लोड कपाटावर गेले, सॅटिन जाऊन सुती चादर आली, बाथरूमच्या वाटेवर जमिनीलगत मंद पिवळा दिवा लागला. पडद्याला अस्तर लागले. सगळ्यात अवघड गोष्ट होती रात्री दहाला हॉलमधला टीव्ही बंद करण्याची. मुलगा थोडा अवघडला, मग म्हणाला, "आईने कधी सांगितलंच नाही."

त्या सांगत नाहीत. आपली अडचण होऊ नये म्हणून जांभया दाबत मालिका बघत बसतात. महिन्याभराने आजी भेटल्या तेव्हा रात्री एकदा जाग येतच होती. त्या वयात ते स्वाभाविक आहे. पण पुन्हा झोप लागते म्हणाल्या, आणि गोळीचा विषय कोणी काढला नाही.

अर्थात प्रत्येक निद्रानाश अंथरुणाने बरा होत नाही. आडवे झाल्यावर दम लागणे, पायांवर सूज, घोरताना श्वास अडकणे, रात्री वारंवार लघवी किंवा सतत उदास वाटणे, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवाच. पण गोळी मागण्याआधी आज रात्री एक करून बघा. घरातले सगळे दिवे मालवा आणि स्वतः दहा मिनिटे त्या दिवाणावर आडवे पडा. काय बदलायला हवे, ते तुम्हालाच कळेल.