जीवन प्रमाणपत्र मोहीम: कसोटी अखेरच्या दारापर्यंत पोहोचण्याची

केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरमध्ये आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो न दिल्यास निवृत्तिवेतन थांबते. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सुविधा सुरू झाली. मात्र वार्धक्याने झिजलेले बोटांचे ठसे अनेकदा यंत्राला ओळखता येत नसत. २०२१ मध्ये चेहरा पडताळणीचा पर्याय मिळाला. निवृत्तिवेतनधारक कल्याण विभागाची देशव्यापी मोहीम २०२२ मध्ये ३७ शहरांत राबवली गेली. २०२४ मध्ये तिने ८०० शहरे व नगरे गाठली. तथापि, विस्तार हे यशाचे अर्धेच माप होय. स्मार्टफोन नसलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या दारी पोस्टमन वेळेत पोहोचतो का, यावरच मोहिमेचे खरे मोल ठरेल.