हौस गाडीची की गाजावाजाची?

सचिन तेंडुलकरची लाल फेरारी आठवते ना? २००२ साली त्याने कसोटीतलं २९ वं शतक ठोकून डॉन ब्रॅडमनची बरोबरी केली, म्हणून फियाट कंपनीने ती त्याला भेट दिली. शर्यतीचा बादशहा मायकेल शूमाकर याच्या हस्ते ती त्याला मिळाली. पुढे आयात शुल्कावरून ती गाजलीही खूप. फेरारी ३६० मोडेना हे तिचं नाव, आणि इंजिन चारशे अश्वशक्तीचं. सचिनची पहिली गाडी होती मारुती ८००. तिची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. म्हणजे एका फेरारीत दहा मारुती!

आता प्रश्न असा, की अशी गाडी कंपनीतून आली तशीच चालवली, तर गाडीवेड्या माणसाची हौस फिटते का? तुम्ही म्हणाल, पंढरपुरात बसून आपल्याला फेरारीशी काय देणं-घेणं? पण मैत्रिणींनो, हा प्रश्न आता घरोघरी आलाय. फक्त फेरारीच्या जागी सेकंडहँड स्विफ्ट असते, नाहीतर बुलेट.

माझ्या भाच्याने अशीच एक जुनी गाडी घेतली. पोरगा गुणी आहे, गाडी चालवतोही चांगली. पण महिनाभरातच म्हणायला लागला, ‘‘मावशी, कंपनीची गाडी म्हणजे शाळेचा युनिफॉर्म. सगळ्यांची सारखीच. हौसेने चालवणाऱ्याचं त्यात भागत नाही. परदेशात तर स्पोर्ट्स कारवालेसुद्धा बदल करून घेतात.’’ मोठा सायलेन्सर, रुंद टायर, चकचकीत मॅग व्हील, गाडी खाली बसवणे, पांढरे झगझगीत दिवे अशी यादी तयार होती. खर्च पासष्ट हजार. आणि पैसे कुठले? तर आईच्या भिशीचे. बहिणीने मला विचारलं, ‘‘ताई, देऊ का गं?’’

त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. रेडिमेड ब्लाऊज आपण तरी कुठे तसाच घालतो? बाजूला शिलाई मारतो, गळा जरा लहान करतो, बाह्यांना काठ लावतो. बाजारातला मसाला आणला तरी त्यात घरची चार लवंगा-मिरी पडतातच. वस्तू आपल्या हातची व्हावी असं वाटणं काही वाईट नाही. पण ब्लाऊज बिघडला तर आपल्यापुरता बिघडतो. गाडी सगळ्यांच्या रस्त्यावरून धावते. म्हणून त्या यादीतली एकेक गोष्ट मी आमच्या ओळखीच्या मेस्त्रींना विचारली. माणूस जुना, स्पष्ट बोलणारा.

ते म्हणाले, सायलेन्सरच्या आत जाळ्या आणि पडदे असतात, ते आवाज मारतात. ते काढले की गाडी गरजते, पण लहान इंजिनाची ताकद त्याने नावापुरतीच वाढते. गाडी धावते तेवढीच, फक्त ओरडते जास्त. त्याच नळीत धूर स्वच्छ करणारा भाग असतो. पुष्कळदा तोही काढून टाकतात आणि मग सगळा विषारी धूर मागच्या स्कूटीवरच्या आपल्यासारखीच्या नाकात. मापाबाहेरचे रुंद टायर बसवले की स्टिअरिंग जड होतं आणि अ‍ॅव्हरेज कमी होतं. गाडी खाली बसवली तर आपल्याकडच्या गतिरोधकांवर तिचं पोट घासणारच!

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार पटली. कंपनी इंजिन, ब्रेक, टायर आणि स्प्रिंग यांचा मेळ घालून गाडी बनवते. आमटीसारखंच आहे हे. तिखट वाढवलं की मीठ, गूळ, चिंच सगळंच पुन्हा बघावं लागतं. पोरं नुसतं तिखट वाढवतात. इंजिनाची ताकद वाढवतात आणि ब्रेक तेच ठेवतात. चव बिघडली तर ताट बाजूला सारता येतं, इथे काय करणार?

मग खऱ्या चालकाची हौस कशात असते? शर्यतींचंच उदाहरण घ्या. आपल्या पुण्याजवळ चाकणला फोक्सवॅगनच्या कारखान्यात पोलो गाड्या तयार होत. त्या पोलोच्या शर्यती आपल्या देशात २०१० साली सुरू झाल्या. त्यात गाड्या शर्यतीसाठी खास तयार केलेल्या, पण सगळ्या एकसारख्या. कुणी आपल्या मनाने त्यात भर घालायची नाही. का? तर जिंकला तो चालक जिंकला, गाडी नाही, हे कळावं म्हणून! वळणाआधी ब्रेक कधी दाबायचा, गिअर कधी टाकायचा, वेग कुठे सोडायचा, सगळी कसोटी हाताची आणि डोक्याची. गो-कार्टिंगच्या ट्रॅकवरही तेच. सगळ्यांना सारख्याच छोट्या गाड्या मिळतात, तरी एक पहिला येतो आणि एक शेवटचा. शेवटच्याला सायलेन्सर बदलून दिला तर तो पहिला येईल का?

माझं मत इथेच ठरलं. ज्याला चालवण्याची हौस आहे, त्याला कंपनीची गाडी पुरून उरते. त्या गाडीत जेवढं आहे, तेवढंसुद्धा आपल्या पोरांनी अजून वापरलेलं नसतं. ज्याला लोकांनी वळून बघायला हवं असतं, त्याचं मात्र कशानेच भागत नाही. आज सायलेन्सर, उद्या दिवे, परवा काळ्या काचा. ही हौस चालवण्याची नाही, गाजावाजाची.

आणि वेगाचं म्हणाल, तर तो कंपनीनेच गरजेपेक्षा जास्त दिलाय. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. पायाने ब्रेक दाबेपर्यंतच एक सेकंद जातो. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. हे गणित सगळ्या गाड्यांना सारखंच, फेरारीलाही आणि मारुतीलाही. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे काय झालं ते आपण वाचलंच आहे. नोंदणीही पूर्ण न झालेली पोर्शे गाडी, ती अल्पवयीन मुलगा चालवत होता असं पोलिसांचं म्हणणं, आणि दोन तरुण इंजिनिअर जिवानिशी गेले. त्या दोन घरांतल्या आयांचा विचार मनात आला की पोटात खड्डा पडतो.

आपल्या गावाचं तर आणखी वेगळं. पालखी मार्गाचं भूमिपूजन २०२१ साली झालं आणि रस्ते रुंद होऊ लागले. रुंद रस्ता दिसला की तरुण पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जड होतो. पण हा रस्ता मुळात कुणाचा? पायी चालणाऱ्यांचा! आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार वाऱ्या झाल्याच, पण एरवीच्या एकादशीलाही पहाटेच्या अंधारात डोक्यावर तुळस घेतलेल्या म्हाताऱ्या चालत येताना दिसतात. समोरून झगझगीत दिवा डोळ्यांवर आला, तर त्यांना क्षणभर काही दिसत नाही. स्टेशन रोडवर फटाके फोडत जाणाऱ्या बुलेटने कडेवरचं पोर दचकून रडतं, ते तर रोजचंच झालंय. आमच्या महिला मंडळात हा विषय निघाला, तेव्हा एक आजी म्हणाल्या, ‘‘अगं, टाळ-मृदंगाचा आवाज झोपेत आला तरी जाग येत नाही, ह्या गाड्यांनी मात्र छातीत धडकी भरते.’’

कायदाही आपल्याच बाजूने आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. आता अशा प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय विमा कंपनीला न कळवता बदल केले, तर अपघातानंतर ती भरपाई नाकारू शकते. पासष्ट हजार घालून ही नसती डोकेदुखी कशाला विकत घ्यायची?

पण बदल म्हणजे सरसकट वाईट, असं मी म्हणणार नाही. आमच्या बचत गटातल्या एका ताईंचा पाय पोलिओने अधू आहे. त्यांच्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं लावलीत. त्या चाकांवर त्या बँकेत जातात, माल पोचवतात, मुलीला शाळेत सोडतात. अपंगांसाठी गाडीत रीतसर परवानगीने असा बदल करायला कायद्यातच सोय आहे. तो बदल चालवणाऱ्यासाठी आहे, बघणाऱ्यासाठी नाही. माझी कसोटी एवढीच!

भाचा काही गप्प बसणारा नाही. म्हणाला, ‘‘सचिनने तरी त्याची बीएमडब्ल्यू आय ८ दिलीप छाब्रियांच्या डीसीकडून बदलून घेतलीच की!’’ हो, घेतली. तशा बातम्या फोटोंसह आल्या होत्या. पण ते बदल डोळ्यांना दिसणारे, बाहेरच्या रूपाचे. त्याने हौस केली ती दिसण्याची, त्याने गाडी काही अधिक चांगली चालवता येत नाही. आणि लाखमोलाची ती फेरारी? २०११ साली तीही सुरतच्या एका व्यापाऱ्याला विकली गेली. गाडी येते आणि जाते. हातातलं कसब तेवढं आपल्यापाशी राहतं.

बहिणीला मी सांगितलं, पोराला नुसतं ‘नाही’ म्हणू नकोस. नुसत्या ‘नाही’ने पोरं चोरून करतात. त्याला म्हण, टायर झिजलेत ते कंपनीच्या मापाचे चांगले घे, ब्रेक तपासून घे, दिव्यांचा झोत खाली बसवून घे. यात पंधरा-वीस हजार जातील, ते आनंदाने दे. आणखी हौस असेल तर कोल्हापूरला जाऊन गो-कार्टिंगच्या ट्रॅकवर दिवसभर चालव म्हणावं. तिथे समोर ना म्हातारी येत, ना गाय. उरलेली भिशी मात्र तुझी. त्यातून तू ड्रायव्हिंग क्लास लाव.

हे शेवटचं मी गमतीने म्हटलेलं नाही. आपण बायका गाडीला पैसे देतो, पेट्रोलला पैसे देतो, आणि बसतो मात्र मागच्या सीटवर. चालवण्याचा आनंद काय असतो हे स्वतः घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही. एकदा स्टिअरिंग हातात आलं, की पोराची खरी गरज कुठली आणि मिरवणं कुठलं, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागणार नाही.