विश्लेषण : हाताला मुंग्या, वाढलेला चपलेचा नंबर... ही ‘अ‍ॅक्रोमेगाली’ तर नाही?

लातूर जिल्ह्यातील देवणी तालुका देवणी गोवंशामुळे देशभर ओळखला जातो. हाताने धार काढणे, खुरपणी, सोयाबीनची काढणी ही इथली नेहमीची कामे. त्यामुळे हाताला मुंग्या आल्या, तर ‘कामाने आल्या असतील’ असे म्हणून विषय संपतो. अनेकदा ते खरेही असते. पण मुंग्यांसोबत अंगठी घट्ट होत असेल, चपलेचा नंबर वाढत असेल, तर मूळ कारण मेंदूच्या तळाशी असू शकते.

हा आजार काय आहे?

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियूषिका, म्हणजेच पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली, की वाढीचे संप्रेरक जास्त स्रवू शकते. ही गाठ सहसा कर्करोगाची नसते. लहान वयात असे झाल्यास उंची बेसुमार वाढते. प्रौढांची उंची वाढत नाही. मात्र हात, पावले, जबडा, नाक, जीभ मोठी होतात. पिएर मारी या फ्रेंच डॉक्टरांनी १८८६ मध्ये या आजाराला ‘अ‍ॅक्रोमेगाली’ हे नाव दिले. कुस्तीपटू ‘द ग्रेट खली’ यांच्यावर २०१२ मध्ये अमेरिकेत पिट्युटरीच्या गाठीची शस्त्रक्रिया झाली होती. आजार दुर्मीळ आहे. दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण तीन-चार नवे रुग्ण आढळतात.

नसांना त्रास का होतो?

मनगटातील अरुंद बोगद्यातून हाताची एक मुख्य नस जाते. संप्रेरक वाढले, की आजूबाजूच्या ऊती आणि खुद्द ही नसही सुजते. मग अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होते, रात्री झोपमोड होते, हातातली वस्तू निसटते. याला ‘कार्पल टनल सिंड्रोम’ म्हणतात. अ‍ॅक्रोमेगालीत तो अनेकदा दोन्ही हातांना होतो. या रुग्णांत मधुमेहाचे प्रमाणही जास्त असते, त्यामुळे पायांच्या नसा बिघडू शकतात. मधुमेह नसतानाही काहींना हा त्रास होतो. गाठ मोठी झाल्यास डोळ्यांच्या नसांवर दाब येऊन बाजूचे दिसणे कमी होते.

निदान उशिरा का होते?

बदल फार सावकाश होतात. रोज पाहणाऱ्या घरच्यांना ते जाणवत नाहीत. मनगटाचा इलाज एकीकडे, साखरेच्या गोळ्या दुसरीकडे, रक्तदाबाच्या तिसरीकडे, असे तुकड्यातुकड्यांत उपचार चालतात. निदानाला पाच ते दहा वर्षे लागणे नवे नाही. कासाराकडे दोन-चारची बांगडी भरणाऱ्या बाईला, वजन फारसे वाढले नसताना, दोन-आठची लागू लागली, तर तो इशारा समजावा. लग्नातला फोटो आणि आजचा चेहरा शेजारी ठेवून पाहणे ही साधी युक्ती डॉक्टरही वापरतात.

कोणत्या तपासण्या लागतात?

पहिली पायरी म्हणजे रक्तातील ‘आयजीएफ-१’. गरज वाटल्यास ग्लुकोज पाजून संप्रेरकाची पातळी मोजतात. त्यानंतर पिट्युटरीचा एमआरआय. मुंग्या येणाऱ्या प्रत्येकाला याची गरज नसते; मधुमेह, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, गर्भारपण ही कारणे कितीतरी अधिक आढळतात.

उपचाराने नसा सुधारतात?

बहुतेक रुग्णांत नाकावाटे दुर्बिणीने गाठ काढतात. गरजेनुसार इंजेक्शने, गोळ्या किंवा रेडिएशन देतात. संप्रेरक आटोक्यात आले, की हाताच्या मुंग्या अनेकांना काही आठवड्यांतच कमी होतात. मात्र वर्षानुवर्षे दबलेली नस पूर्ण सावरेलच असे नाही आणि वाढलेली हाडे मागे जात नाहीत. म्हणून वेळ महत्त्वाची.

खर्चाचे काय?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला. कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात योजनेत बसते, हे दाखल होण्याआधी आरोग्यमित्राकडून जाणून घ्यावे. महागड्या मासिक इंजेक्शनांबाबतही तेव्हाच विचारावे. लातूर व नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून पुढची दिशा घेता येते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात संप्रेरकांच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे. डॉक्टरांकडे जाताना मुंग्यांसोबत चपलेचा वाढलेला नंबरही आवर्जून सांगावा.