‘राजी’ बुडाला, हे कुठल्या वहीत लिहिलंय?

पुण्यात तयार झालेला ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम फ्लॉप होता, असं छातीठोकपणे सांगणारे लोक आजही भेटतात. आमच्या पेणकरपाड्यातही भेटतात. आधी मोबाइलवर गेम खेळणारी पोरं सांगायची, आता त्यांचे आईबापही सांगू लागलेत. आमच्या भागातल्या एका मुलीला बारावीनंतर गेमसाठी चित्रं काढण्याचं काम शिकायचं आहे. घरात तिला ‘राजी’चाच दाखला दिला जातो: ‘पुण्याच्या त्या बाईने घर विकलं, काय मिळालं?’ एका वाक्याच्या जोरावर एका मुलीची वाट अडवली जात असेल, तर ते वाक्य तपासायलाच हवं.

घर विकल्याची गोष्ट खरी आहे. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या स्टुडिओने 2017 साली किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे मागितले. ठरवलेली रक्कम जमली नाही. तेव्हा काम चालू ठेवण्यासाठी सहसंस्थापक श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकला. 18 ऑगस्ट 2020 रोजी गेम निन्टेंडो स्विचवर आला आणि 15 ऑक्टोबरला कॉम्प्युटर, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी, राजस्थानी किल्ल्यांसारखी बांधकामं, मधूनमधून छायाबाहुल्यांनी सांगितलेली कथा. बाजारात असं दुसरं काही नव्हतं. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये नवोदितांच्या सर्वोत्तम इंडी गेमसाठी त्याला नामांकन मिळालं.

मग फ्लॉप कशावरून? पहिला पुरावा दिला जातो तो स्टीमचा. एका वेळी किती लोक खेळत होते, किती जणांनी अभिप्राय लिहिले, ते आकडे बघा म्हणतात. पण हा एकट्याने खेळायचा, पाच-सहा तासांत संपणारा गेम आहे. माणूस खेळतो, संपवतो, उठतो. पबजीसारखी गर्दी तिथे सदैव कशी दिसेल? शिवाय स्टीम हे एकच दुकान. स्विचवरची विक्री त्या आकड्यात नाही. एक्सबॉक्सच्या गेम पासवर हा गेम होता, पुढे नेटफ्लिक्सच्या मोबाइल गेम्समध्येही आला. अशा ठिकाणी करार करून पैसे घेतले जातात, प्रती मोजल्या जात नाहीत. एका खिडकीतून दिसलेल्या गर्दीवरून सगळ्या दुकानांचा गल्ला सांगणारे हे मुनीम कुठे शिकले?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. किती विकलं यावरून बुडालं की तरलं हे ठरतच नाही. मार्च 2013 मध्ये आलेल्या ‘टूम रेडर’च्या पहिल्या महिन्याभरातच 34 लाख प्रती गेल्या, तरी स्क्वेअर एनिक्स कंपनीने विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली असं सांगितलं. खर्चच तेवढा होता. गाडीवर दोन देग बिर्याणी विकणारा संध्याकाळी नफा घेऊन घरी जातो आणि हायवेवरचं हॉटेल वीस देग विकून टाळं लावतं, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मग गेमच्या बाबतीतच अक्कल कुठे जाते?

तिसरी गोष्ट मुदतीची. ‘अमंग अस’ 2018 साली आला तेव्हा त्याला फारसं कुणी विचारलं नाही. 2020 साली तोच गेम जगभर खेळला गेला. 2018च्या अखेरीस निकाल देणारा तोंडावर आपटला असता.

आणखी एक शेरा कानावर येतो: ‘देवीदेवतांचा खेळ, तो जगात कोण घेणार?’ ग्रीक देवांशी हाणामारी करणारा ‘गॉड ऑफ वॉर’ आमची पोरं रात्र रात्र जागून खेळतात. तिथे झ्यूस चालतो, इथे दुर्गा आली की बाजार आठवतो. हा तर्क मला मुसलमान म्हणूनही पटत नाही आणि गिऱ्हाईक म्हणूनही नाही.

पण दुसऱ्या टोकालाही माझा तेवढाच विरोध आहे. भारताने बनवला म्हणून ‘राजी’ला सुपरहिट म्हणणारे याच चुकीचे भागीदार आहेत. नामांकन म्हणजे नफा नव्हे. शिवाय गेममध्ये उणिवा होत्या. लढाई कुठे कुठे अडखळते आणि कथा ऐन रंगात आल्यावर तुटल्यासारखी संपते. पण या कलाकृतीच्या उणिवा आहेत. त्या हिशोबाच्या वहीत ढकलून ‘म्हणून बुडाला’ म्हणणं हा आळस आहे.

त्या मुलीच्या आईवडिलांना माझं एवढंच सांगणं आहे की घर विकणं हा आदर्श नाही, ती जोखीम होती आणि मोठी होती. पण तुमची मुलगी स्टुडिओ काढत नाही, काम शिकते आहे. युबिसॉफ्टसारख्या कंपनीचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईत आहेत. तिथले चित्रकार पगार घेतात, घरं विकत नाहीत. फी किती, शिकवतो कोण, आधीच्या मुलांना काम मिळालं का, हे जरूर विचारा.

आणि फ्लॉप म्हणायचंच असेल तर तीन गोष्टी मांडा: खर्च किती झाला, सगळ्या दुकानांतून आणि करारांतून मिळून हातात काय आलं, आणि ते किती वर्षांत. त्या मांडता येत नसतील तर सरळ म्हणा, ‘मला गेम आवडला नाही.’ त्यासाठी कुणाची वही लागत नाही.